दुसरी घागर

त्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी महिनाभर माझ्या डोक्यात स्कॉटलंडची एक राजकन्या येऊन बसली होती आणि काही केल्या उठायचं नाव घेत नव्हती. पुण्याच्या एका प्रकाशकासाठी मी मुलांच्या पुस्तकाचं काम करत होते. जगभरच्या राजकन्या, प्रत्येकीला दोन पानं. इंग्रजीतून वाचायचं आणि आपल्या सोप्या मराठीत लिहायचं. बाकीच्या अकरा जणी मी पटापट मार्गी लावल्या. ही बारावी मात्र अडून बसली.

धरणगावच्या घरात आम्ही दोघीच राहायचो, मी आणि माझी सासू. गावात सगळे तिला अक्का म्हणतात, म्हणून मीही अक्काच म्हणते. मला एका जागी बसून लिहिता येत नाही. दोन ओळी लिहिल्या की उठायचं, ओसरीपर्यंत जायचं, माठातलं पाणी प्यायचं, परत यायचं. अक्का कापसाच्या वाती वळता वळता माझ्याकडे बघत राहायची. एकदा म्हणाली, "तुना पायले भिंगरी शे का वं?" मी म्हटलं, भिंगरी पायाला नाही, डोक्याला आहे.

राजकन्येची गोष्ट तशी साधी. बाप राजा, ही धरून सहा बहिणी, एक भाऊ. बाप गेल्यावर भाऊ राजा झाला आणि बहिणींची लग्नं म्हणजे दरबाराचा कारभार. कुणाशी मैत्री हवी असेल तिकडे एक बहीण पाठवायची. हिला जहाजात बसवून फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या एका सरदाराकडे धाडलं. लग्नाआधी त्या सरदाराला कुणीतरी सांगितलं म्हणे, की मुलगी भोळी आहे, फारसं बोलत नाही. तो म्हणाला, उत्तमच. नवऱ्याचा सदरा कुठला आणि कोट कुठला एवढं बायकोला कळलं की पुरे.

हे वाचलं आणि मी त्या दिवशी पुढे एक ओळ लिहिली नाही. कारण माझ्या बघण्याच्या वेळी माझ्या सासऱ्यांनी एकच प्रश्न विचारला होता, आणि तोही मला नाही, माझ्या भावाला. पोरीला खापरावरचे मांडे येतात का? भाऊ बेधडक म्हणाला, येतात. मला येत नव्हते. अजूनही येत नाहीत. मोठ्या खापरावर पुरणाचा तो रुमालासारखा मांडा टाकायला गेले की माझ्या हातून हमखास फाटतो. मी बी.ए. झाले होते, इंग्रजी कादंबऱ्या वाचत होते, पण त्याची चौकशी कुणी केली नाही. खोटं बोलून मला खपवलं म्हणून मी भावाशी महिनाभर बोलले नव्हते.

नवरा मात्र भला निघाला. दीपनगरच्या वीज केंद्रात नोकरीला होता, आम्ही तिथल्या कॉलनीत राहायचो. वारा फिरला की दोरीवरच्या कपड्यांवर राख बसायची. त्याचे सदरे मी दोनदोनदा धुवायचे आणि तो म्हणायचा, राहू दे, तिथे जाऊन परत तेच होणार. फाटलेल्या मांड्यांचा तो दुधात काला करून खायचा आणि आपल्या आईचा, अक्काचा, मांडा पण फाटतो म्हणायचा. ते खोटं होतं. एका सकाळी छातीत दुखतंय म्हणाला, खुर्चीवर बसला आणि उठलाच नाही. मूलबाळ नव्हतं. क्वार्टर सोडावं लागलं तेव्हा भाऊ न्यायला आला होता, साक्रीकडच्या आमच्या गावी. मी गेले नाही. सासरे आधीच वारले होते, अक्काचा तो एकुलता एक मुलगा. मी माझी पुस्तकं आणि त्याचे चार सदरे घेऊन धरणगावला आले. त्याला सहा वर्षं झाली होती.

राजकन्येचाही नवरा असाच लवकर गेला. पदरात दोन मुली. आणि मग तिच्या भावानं निरोप पाठवला, परत ये, तुझं दुसरं लग्न ठरवतोय. ती नाही म्हणाली. मी इथे सुखात आहे, इथल्या लोकांचा माझ्यावर जीव आहे, आणि तसंही माझी तब्येत प्रवास झेपण्यासारखी नाही. एवढ्या नाजूक तब्येतीची बाई त्यानंतर चाळीसहून जास्त वर्षं जगली, त्याच गावात. मला हसूही आलं आणि तिचा रागही आला. तब्येतीचं निमित्त कशाला? नको तर नको म्हण की. मी लिहिलं, "राजकन्येने ठाम नकार दिला." मग ते खोडलं. कारण ती खरंच सुखात होती, का नुसतीच हट्टाला पेटली होती, का परत जायची भीती वाटली, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. तिला विचारणार कोण?

आखाजीला दोन दिवस उरले असताना दुपारी भाऊ दारात उभा. आमच्याकडे आखाजी म्हणजे लेकीबाळींचा सण. लग्न झालेली मुलगी माहेरी येते, झोके बांधतात, गाणी म्हणतात, आणि तिला न्यायला माहेरचं कुणीतरी येतं, त्याला मुराळी म्हणायचं. पण त्याच दिवशी घरोघर पितरांची घागरही भरतात. मातीची नवी लाल घागर पाण्यानं भरायची, तिच्यावर छोटं भांडं, त्यावर खरबूज, आंबे, सांजोऱ्या. आणि घागर ज्याची त्याच्याच घरात भरायची असते. म्हणून नवरा गेल्यापासून एकाही आखाजीला मी माहेरी गेले नव्हते. सकाळी उठून त्याची घागर भरायची, मग दिवसभर घरात येरझाऱ्या घालायच्या, असा माझा सण.

भाऊ आत आला, पाणी प्यायला, अक्काच्या पाया पडला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "चल, कपडा भरी ले. सहा वरीस व्हई गयात."

मी म्हटलं, "आणि घागर?"

उत्तर अक्कानं दिलं. "तू जाय. घागर मी भरसू."

मला ते खटकायला हवं होतं. इतकी वर्षं त्या घागरीला ती माझ्याशिवाय हात लावत नव्हती, तुझा मान आहे म्हणायची. पण माहेरचं नाव काढल्यावर माझीही अक्कल जरा गहाण पडते. निंबाचा झोका आठवला, आईच्या हातच्या सांजोऱ्या आठवल्या, आई नसताना. मी पिशवी भरली. निघताना अक्कानं माझ्या तोंडावरून हात फिरवला, तो जरा जास्तच वेळ.

धुळ्यापर्यंत भाऊ पाऊसपाणी आणि बाजरीवर बोलला. धुळ्याला गाडी बदलली. कुसुंबा गेलं तेव्हा तो खिडकीबाहेर बघत म्हणाला की एक स्थळ आहे. डोंगराकडच्या एका आश्रमशाळेत मास्तर. बायको चार वर्षांपूर्वी गेली. निर्व्यसनी आहे, वयाला जुळतो. आखाजीला दुपारी ते जेवायला येणार आहेत.

"मला विचारलंस?"

"आते इचारानं काय शे? बठ्ठं ठरी गयं. मी शब्द देयेल शे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भरल्या गाडीत ओरडता येईना, उतरून चालत जावं तर बाहेर नुसतं ऊन पेटलेलं. मी विचारलं, अक्काला माहीत आहे? तो म्हणाला, त्यांनाच आधी विचारलं, त्या हो म्हणाल्या. म्हणजे अक्काला विचारलं, त्या मास्तरला विचारलं, गावातल्या चार नाना-आबांना विचारलं. राहिले कोण, तर मी. मला ती राजकन्या आठवत होती. तिच्याकडे निदान समुद्र होता, आणि नाजूक तब्येत. माझी तब्येत बैलासारखी ठणठणीत, हे अख्ख्या गावाला माहीत.

माझा भाऊ वाईट माणूस नाही, हे इथेच सांगते. शेवटच्या दिवसांत आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, त्याचा हात धरून म्हटलं होतं, पोरीला एकटी ठेवू नकोस. त्या एका वाक्याचं ओझं तो सहा वर्षं वाहत होता. पण आपलं ओझं उतरवायला त्यानं मलाच उचललं, याचा राग माझ्या मनातून जात नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. वहिनीनं मला घागर आणायला पाठवलं, घरच्या पितरांची, एकच. कुंभारणीपुढे मी उकिडवी बसले आणि सवयीनं बोटाच्या पेरानं घागरी वाजवून बघायला लागले. एक चांगली वाजली ती घेतली. मग आणखी एक चांगली वाजली, तीही घेतली. दोन्ही काखांत दोन घागरी घेऊन मी अर्ध्या वाटेवर आले तेव्हा लक्षात आलं, की दुसरी मी नवऱ्यासाठी घेतली आहे. जावयाची घागर सासुरवाडीत कुणी भरत नाही. त्यात मी सून नाही, लेक. हे माझ्या आईनं ऐकलं असतं तर तिनं कपाळावर हात मारला असता. मी रस्त्यात उभी राहिले, परत देऊन यावी म्हणून वळलेसुद्धा. मग डोक्यात तिडीक गेली. घेतली तर घेतली.

आखाजीच्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठले. देवघराजवळ वहिनीनं जागा सारवून ठेवली होती. तिथे घरची घागर मांडली आणि तिच्या शेजारी, हातभर अंतरावर, दुसरी. भरली, वर भांडं ठेवलं, खरबूज ठेवलं, आंबा ठेवला. सांजोऱ्या अजून तळायच्या होत्या. मी तशीच बसून राहिले आणि सहा वर्षांत पहिल्यांदाच मला त्याच्यासाठी मोकळेपणानं रडू आलं. धरणगावला अक्कासमोर मी कधी रडत नव्हते. तिचा मुलगा होता, रडायचा पहिला हक्क तिचा.

भाऊ आंघोळ करून आला आणि थबकला.

"ही कोनी?"

"त्याची."

"आपला घरमा दुसरानी घागर?" त्याचा आवाज चढला नाही, उलट बसला. "दुपारले ते येतीन. त्यासले काय सांगू?"

"सांग की विधवेला बघायला आलात तर तिचा नवराही दिसणारच."

वहिनी मधे पडली. म्हणाली, पाहुणे येईपर्यंत आतल्या खोलीत ठेवू. मी म्हटलं, भरलेली घागर हलवत नाहीत. हे मी तिथल्या तिथे रचलं की खरंच तसा रिवाज आहे, मला आजही माहीत नाही. पण घागर जागेवर राहिली.

ते आले भर उन्हात, आपल्या थोरल्या भावाला घेऊन. उंच, जरा वाकलेले, सदऱ्याच्या खिशाला शाईचा डाग. हात-पाय धुऊन आत आले आणि रिवाजाप्रमाणे घागरीपुढे हात जोडायला वाकले. दोन घागरी बघून त्यांचे हात तसेच राहिले. माझ्या भावानं घसा खाकरला. काहीतरी सांगायला तो तोंड उघडणार, तेवढ्यात त्या माणसानं वहिनीकडे तांब्या मागितला. नवी घागर पाणी पिते, सकाळपासून दोन्हींतलं पाणी बोटभर उतरलं होतं. त्यांनी आधी घरच्या घागरीत पाणी घातलं, मग दुसरीत, काठोकाठ. वरचं भांडं उचलताना आंबा घरंगळला तो नीट परत ठेवला. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते आणि माझा सगळा बेत तिथेच बिघडला. मी त्यांना नाही म्हणायची पूर्ण तयारी करून बसले होते, आणि हा माणूस मला आवडला.

जेवणं झाल्यावर मागच्या अंगणात, झोक्याखाली, आम्हाला बोलायला सोडलं. घरातले सगळे कान खिडकीला. ते शुद्ध मराठीत बोलत होते, मास्तर लोक बोलतात तसं.

"माझ्याकडेही भरली आहे सकाळी. तिची."

मी मान हलवली. मग ते म्हणाले, "तुमचा होकार आहे असं कळलं, म्हणून आलो."

"माझा होकार कुणी दिला?"

"तुमच्या भावांनी."

"मला परवा गाडीत कळलं. कुसुंब्याच्या पुढे."

त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. बराच वेळ पायानं माती सारखी करत राहिले. म्हणाले, "मग मी चुकीचा आलो. तुम्ही मनावर घेऊ नका. मी काहीतरी सांगून मोडतो, तुमच्यावर बोल येणार नाही." मी म्हटलं, थांबा. का म्हटलं, कुणास ठाऊक. म्हटलं, मोडू नका आणि जोडूही नका, चार दिवस थांबा. त्यांनी खिशातून कागद काढून नंबर लिहून दिला आणि विचारलं, तुम्ही काय काम करता? मी म्हटलं, राजकन्या मराठीत आणते. ते हसले नाहीत. कुठल्या, असं विचारलं.

पाहुणे गेल्यावर भाऊ माझ्यासमोर बसला आणि रडला. मोठा माणूस, मिशा पांढऱ्या व्हायला लागलेल्या. म्हणाला, तुझं चांगलं व्हावं एवढंच. मी म्हटलं, ते मला कळतं भाऊ, पण तू मांड्यांच्या वेळीही माझ्या वतीनं हो म्हणाला होतास. त्याला मांडे आठवेनात. वहिनीला आठवले आणि तिला रडता रडता हसू फुटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले. घागरीतलं पाणी अंगणातल्या तुळशीला घातलं आणि रिकामी घागर मांडीवर घेऊन गाडीत बसले. धुळ्यापर्यंत एका आजोबांनी तीनदा विचारलं, घागरीसाठी एवढ्या लांब कशाला गेलीस बाई? एरंडोलला गाडी बदलून धरणगावला पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

ओसरीवर माझी पुस्तकं होती. कपाटातली सगळी, अक्काच्या जुन्या नऊवारीत बांधलेली, दोन गाठोडी. वरच्या गाठोड्यावर माझा चष्म्याचा डबा, फणी, इंग्रजी-मराठी शब्दकोश. त्याचे चार सदरे घडी करून वेगळे, तिच्या स्वतःच्या बिछान्यावर. ती आत घागरीशेजारी बसली होती. त्याची घागर तिनं भरली होती, एका दिवसात पाणी अर्ध्यावर आलेलं.

मला बघून ती दचकली. "मांगे काब्र उनी?" मी परत का आले, हे तिला कळेना.

"तू माझं सामान बांधलंस?"

"तुना भाऊ गाडी धाडनार व्हता, सामान लेवाले."

मला इतका राग आला की घागर हातातून पडता पडता राहिली. मी म्हटलं, तू पण? सगळ्यांनी मिळून ठरवलंत, आणि तू हो म्हणालीस? सहा वर्षं मी इथे काय भाड्यानं राहत होते? बरंच बोलले. दीपनगर काढलं, मांडे काढले, ती राजकन्यासुद्धा काढली. अक्का ऐकत राहिली. माझा दम संपला तेव्हा तिनं मला जवळ बसवलं.

"मी हो म्हननू, कारन मी नही म्हनती तं तू मनामुळे थांबी जाती," ती म्हणाली. "मी म्हातारी शे. मना नावनं तुले बांधी ठेवानं नव्हतं." मग म्हणाली, "आते सांग. तुले काय पाहिजे?"

एवढंच ऐकायला मी साक्रीपासून घागर मांडीवर घेऊन आले होते. उत्तर तयार होतं असं मला वाटत होतं. तोंड उघडलं आणि आत काहीच नव्हतं. इथे राहायचं होतं. त्या माणसानं घागर भरली तसं कुणीतरी आपल्यासाठी न सांगता काही करावं, हेही हवं होतं. हिला एकटी टाकायचं नव्हतं. हिच्यासोबत वाती वळत म्हातारं व्हायचं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी विचारलं, आणि मला माहीत नव्हतं.

"मले माहीत नही," मी म्हटलं. तिच्याच बोलीत निघालं तोंडातून.

तिला त्याचं काहीच वाटलं नाही. गुडघ्यावर हात टेकून ती उठली, बाहेर गेली आणि पहिल्या गाठोड्याची गाठ सोडायला लागली. गाठ घट्ट बसली होती, तिनं दातांनी सोडवली.

"मंग जवलगुन समजत नही, तवलगुन आठेच ऱ्हाय," ती म्हणाली. "आनि समजनं म्हंजे मले सांगजो. भाऊले नंतर."

आम्ही दोघींनी पुस्तकं परत लावली, तिनं सगळी उलटी. तेवढ्यात भावाचा फोन आला. पोचलीस का, आणि मग, पाहुण्यांना काय कळवू? मी म्हटलं, काही कळवू नकोस. त्यांना जे सांगायचं ते मी सांगेन, त्यांचा नंबर आहे माझ्याकडे. तो म्हणाला, बरं.

राजकन्येची दोन पानं मी त्याच आठवड्यात पाठवली. शेवटी लिहिलं, "भावाने तिला परत बोलावले. ती गेली नाही. का, ते तिला कोणी विचारले नाही." प्रकाशकाचा निरोप आला, मुलांच्या पुस्तकाला असा शेवट बरा दिसत नाही, काहीतरी आनंदी लिहा. मी नाही म्हणाले. तब्येतीचं निमित्त सांगितलं नाही.